कुपुत्रांचा जमाखर्च

मराठीत ‘कुपुत्र’ हा शब्द आहे. ‘कृतघ्न’, ‘दिवटा’, ‘कुलबुडव्या’ हेही आहेत. मुलगी असेल तर ‘बापाच्या तोंडाला काळे फासणारी’ अशी अख्खी शब्दयोजना तयार आहे. ‘कुमाता’ हा शब्द मात्र संस्कृतातून आपल्याकडे आला तो अशी कोणी नसतेच हे सांगण्यापुरता, आणि ‘कुपिता’ तर कधी कानावर पडत नाही. आईबाप क्रूर असू शकतात हे प्रत्येक गल्लीला ठाऊक असते. कोणत्या घरातून रात्री पट्ट्याचा आवाज येतो, कोणत्या पोरीच्या दंडावर व्रण आहेत, कोणाची शिष्यवृत्ती बाप परस्पर उचलतो, हे शेजाऱ्यांना नीट माहीत असते. पण ज्ञान असूनही त्याला नाव नसले की त्याविषयी बोलता येत नाही, आणि ज्याविषयी बोलता येत नाही त्याची तरतूदही होत नाही. आम्हांला येथे बोलायचे आहे ते अशा घरातून महाविद्यालयात येणाऱ्या, अठरा ते बावीस वर्षांच्या मुलामुलींविषयी, आणि त्यांतही एका अगदी रूक्ष बाबीविषयी. ती बाब म्हणजे पैसा.

आधी एक मर्यादा आखून घेऊ. गरिबी म्हणजे अत्याचार नव्हे. ‘या वर्षी फी भरता येत नाही’ असे म्हणणारा बाप अत्याचारी नाही. अभ्यासावरून रागावणारी, उशिरा आल्यावर जाब विचारणारी आईही नाही. आम्ही बोलतो आहोत ते सततच्या मारहाणीविषयी, शरीराच्या व मनाच्या विटंबनेविषयी, कोंडून ठेवण्याविषयी, मुलाची कमाई व कागदपत्रे ताब्यात ठेवून त्याला मुठीत ठेवण्याविषयी, आणि ‘कॉलेज बंद करून टाकीन’ किंवा ‘उद्याच लग्न लावून देईन’ या रोजच्या धमकीविषयी. हा भेद करणे अवघड आहे असे सांगितले जाते. ज्याच्या अंगावर तो गुदरतो त्याला तो अवघड जात नाही.

साहित्याविषयी लिहिणाऱ्यांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की आईबापांकडे पाहण्याची आपली दृष्टी बरीचशी साहित्यानेच घडवली आहे. वारकरी परंपरेची मूळ कथाच पुंडलिकाची आहे. तो आधी आईबापांना छळणारा मुलगा होता. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, आणि त्यांच्या सेवेत तो इतका गढला की दारी आलेल्या देवालाही त्याने विटेवर थांबवले. जामनेर तालुक्यातल्या शेंदुर्णीला खानदेशात प्रतिपंढरपूर म्हणतात. तेथील त्रिविक्रमाच्या दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ही कथा ठाऊक असते. कथा सुंदर आहे, आणि तिच्यात अपराधी मुलगा आहे. अपराधी बापाची कथा आपल्याकडे नाही असे मात्र नाही. प्रल्हादाला कड्यावरून लोटणारा, आगीत बसवणारा हिरण्यकशिपू त्याचा सख्खा बापच होता. पण आपण त्याला ‘दैत्य’ या सदरात टाकून मोकळे झालो. छळणारा बाप हा बापच नव्हे, तो राक्षस, अशी सोय लावली की माणसांच्या घरातल्या बापांविषयी प्रश्न विचारायचे कारण उरत नाही. शिवाय प्रल्हादाला सोडवायला खांबातून नरसिंह आला. जामनेरच्या मुलाला तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहावे लागते.

आधुनिक काळात हे स्थान ‘श्यामची आई’ने घेतले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या या पुस्तकाने मराठी घरांच्या तीन-चार पिढ्यांना आई म्हणजे काय हे शिकवले. श्यामची आई कठोर होते, प्रसंगी मारतेही. पण वाचकाला तिच्या मायेविषयी क्षणभर शंका येत नाही, म्हणून तो मार वाचताना डोळे भरून येतात. पुस्तकाचा यात काही दोष नाही. दोष आहे तो एका आईवरून सर्व आयांचा सिद्धांत मांडणाऱ्या आपल्या वाचनाचा. मार हीच मायेची खूण, असे उलटे समीकरण आपण त्यातून काढले. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयातल्या मुलांची त्यांनी केलेली सेवा सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या माणसाने आईचे सर्वांत मोठे स्तोत्र लिहिले, त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र मुलाला आईबापांखेरीज आणखी एखादे वडीलधारे माणूस लागते, याचेच उदाहरण होते. पुस्तकातला धडा आपण पाठ केला, छात्रालयातला विसरलो.

खानदेशच्याच मातीतली दुसरी कृती घ्या. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेल्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो तो खात्यापित्या शेतकरी बापाच्या पैशावर, आणि अखेरीस गावी परततो तोही त्याच बापाच्या घरी. या कादंबरीच्या भाषेविषयी, अस्तित्ववादाविषयी भरपूर लिहिले गेले. तिच्यातल्या पैशाविषयी त्यामानाने कमी. आमच्या मते ‘कोसला’ची एक कळ पैशातच आहे. पांडुरंगाचे बंड विचारांत कितीही खोल गेले तरी खर्चाच्या वहीत ते बापाच्या नावावरच पडते. तो बापाचा तिरस्कार करू शकतो, बापावाचून राहू शकत नाही. पांडुरंगाचा बाप धाक दाखवणारा आहे. पण मुलगा उपाशी मरणार नाही एवढी जमीन त्याच्याकडे आहे. ज्याच्या मागे अशी जमीन नाही आणि घरी परतणे म्हणजे पुन्हा मार खाणे, त्याचे काय होते, हे सांगायला मराठीला आणखी तीस वर्षे लागली.

ते पुस्तक म्हणजे किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’. ‘ग्रंथाली’ने ते १९९४ साली प्रसिद्ध केले. आई तमाशात नाचणारी. मूल आजोबांच्या घरी. त्या घरातले पुरुष मुलींच्या नाचण्यावर जगणारे, आणि त्या घराला या मुलाच्या शिक्षणाचा उपयोग शून्य. मार, उपासमार, घरकाम, हेटाळणी हे सारे झेलत तो मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचला आणि डॉक्टर झाला. २००७ साली अपघातात त्यांचे निधन झाले. या आत्मकथनाची चर्चा जातीच्या व स्त्रीशोषणाच्या अंगाने झाली, ती योग्यच होती. पण ते आणखी एका गोष्टीचे दस्तऐवज आहे: ज्यांनी पोसायचे त्यांनीच छळले असता शिकणारे मूल कशाच्या आधारावर बाहेर पडते? प्रवेश, वसतिगृह, फी, जेवण या एकेका पायरीवर तेथे पैशाचा आणि नावाचा प्रश्न आडवा येतो. बापाचे नाव लावायचे तर कोणाचे? काळ्यांनी आईचे नाव लावले. पुढे तीस वर्षांनी, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव बापाच्या आधी घालण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने केला. आणि एवढे सोसूनही या पुस्तकात आईची ओढ शेवटपर्यंत आहे. घर सोडणारे मूल प्रेम सोडते असे समजणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

याहून जुने उदाहरण हवे असेल तर जोतीराव फुल्यांचे आहे. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि १८४९ साली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. गोविंदराव क्रूर नव्हते. समाजाच्या दडपणापुढे ते वाकले. म्हणून हे उदाहरण आमच्या विषयाशी तंतोतंत जुळत नाही, पण त्यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बाहेर पडलेल्या जोडप्याला उस्मान शेख यांच्या घरी आसरा मिळाला, आणि पुढे जोतीरावांनी बांधकामाची कंत्राटे घेऊन स्वतःचा चरितार्थ चालवला. आपण शाळेचे स्मारक मागतो, सत्यशोधक समाजाचा वर्धापनदिन करतो. कंत्राटदार फुल्यांविषयी क्वचितच बोलतो. पण चुलीला लाकडे कुठून आली हा प्रश्न सोडून दिला की निर्भयतेला आपण निव्वळ स्वभावगुण समजू लागतो, आणि ज्याच्याकडे चूल नाही त्याला भित्रा म्हणतो.

या उदाहरणांतून तीन गोष्टी पुढे येतात. बाहेर पडणाऱ्याला निवारा लागतो, कमाई लागते आणि स्वतःच्या नावाचा कागद लागतो. आता जामनेरकडे पाहू.

जामनेर हे कांग नदीकाठचे तालुक्याचे गाव. कापसाचा मुलूख. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करीत येणारी अरुंदमापी ‘पी.जे.’ २०२० साली थांबली. त्यानंतर शिकणाऱ्यांची भिस्त एस.टी.वर आणि काळी-पिवळीवर. तालुक्याच्या खेड्यांतून मुले येथे शिकायला येतात, काही पुढे जळगावला जातात. विद्यार्थ्यांना पासात सवलत आहे, मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे भाडे निम्मे आहे, आणि या निम्म्या भाड्याने कित्येक मुलींचे शिक्षण वाचवले असेल असे आम्हांला वाटते. कारण बापाकडे रोज मागावे लागणारे पैसे जितके कमी, तितके त्याच्या हातातले हत्यार बोथट. हा मुद्दा साधा वाटतो, पण सगळ्याचे मूळ येथे आहे. छळणारे घर मोठ्या रकमांनी मुलाला बांधत नाही. बसचे भाडे, परीक्षेचा अर्ज, मोबाइलचा रिचार्ज, सॅनिटरी पॅड यांसारख्या लहान लहान रकमांसाठी रोज हात पसरायला लावून ते बांधते.

कामे नाहीत असे नाही. झेरॉक्सच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, मोबाइल दुरुस्तीत, लग्नसराईत वाढप्याचे, खासगी शिकवणीत लहान वर्गांना शिकवण्याचे, शिवणकामाचे, सेतू केंद्रात अर्ज भरण्याचे अशी कामे तालुक्याच्या गावात मिळतात. अडचण वेगळी आहे. येथील सर्वांत जास्त मजुरीचे काम म्हणजे कापूस वेचणी, आणि ती नेमकी पहिल्या सत्राच्या परीक्षांच्या सुमारास येते. शिवाय ज्याच्या घरी शेत आहे तो मुलगा वेचणीला जातोच. फक्त त्याची मजुरी धरली जात नाही. आम्हांला या हिशेबाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ‘तुला अठरा वर्षे पोसले’ हे वाक्य अशा घरांत रोज ऐकवले जाते. पण दहाव्या-बाराव्या वर्षापासून निंदणी, वेचणी, गुरांचे शेण, धाकट्यांना सांभाळणे, पाणी भरणे हे सारे मुलांनीही, विशेषतः मुलींनी, केलेले असते. त्याची नोंद कोठेच नाही. जमाखर्च मांडायचाच असेल तर दोन्ही बाजू मांडाव्यात. एकाच बाजूची वही म्हणजे सावकाराची वही.

कमवून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, आणि श्रमाच्या बदल्यात शिक्षण हे तत्त्व तेथे रुजवले. आजही विद्यापीठांतून ‘कमवा व शिका’ योजना आहेत. या योजनांकडे गरिबांची मदत म्हणून पाहिले जाते. त्यांचे दुसरे मोल आम्हांला तितकेच मोठे वाटते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन तास काम करून मिळालेला पैसा हा त्या मुलीच्या आयुष्यातला कोणाचेही उपकार नसलेला पहिला पैसा असतो. अट एकच: तो तिच्या, केवळ तिच्याच खात्यात गेला पाहिजे.

आणि येथे कागदाचा प्रश्न येतो. शाळेत असताना उघडलेल्या खात्यावर पालक असतो. अठरा पूर्ण झाल्यावर पालकाचा अधिकार संपतो, पण नवी सही व ओळखपत्रे बँकेत द्यावी लागतात, हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. खात्याला आणि आधारला मोबाइल क्रमांक बापाचा. म्हणजे पासवर्ड मुलीचा, ओटीपी बापाचा. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आईबापांच्या उत्पन्नाचा, आणि त्यासाठी कागद त्यांच्याकडूनच यायचे. जातवैधतेला वडिलांच्या बाजूचे पुरावे लागतात. शैक्षणिक कर्जाला साधारणतः आई किंवा वडील सहकर्जदार. शासनाच्या स्वाधार योजनेसारखी चांगली योजना, जिच्यात वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्याला निवास-भोजनाची रक्कम थेट खात्यात मिळते, तीही पालकांच्या उत्पन्नाचीच मर्यादा पाहते. जुलै २०२४ मध्ये शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास गटांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शिक्षणशुल्क माफ केले, त्यालाही कुटुंबाच्या आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची अट आहे. या अटींमागचा हेतू रास्त आहे. श्रीमंतांनी गरिबांचे पैसे घेऊ नयेत. पण परिणाम असा की शासन विद्यार्थ्याला त्याच्या बापातूनच पाहते. बाप कागद देईना, तर शासनाच्या दृष्टीने विद्यार्थीच नाही. आणि बाप सधन असून एक पैसा देत नसेल, तर तो विद्यार्थी कागदोपत्री श्रीमंत.

अनाथांसाठी महाराष्ट्राने २०१८ साली शिक्षणात व नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. फार चांगले झाले. पण आईबाप मेले तरच मूल निराधार होते, असे या वर्गवारीचे गृहीतक दिसते. ज्याचे आईबाप जिवंत आहेत आणि तेच संकट आहे, त्याला अर्जात रकाना नाही.

कायद्याचा तोल पाहिला तरी हेच दिसते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ सालचा. त्याखाली आईबाप मुलांकडून दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मागू शकतात. वृद्धांचे हाल पाहता कायदा आवश्यकच आहे. पण त्या आईबापांनी मुलाला कसे वागवले होते, ही अट त्यात नाही. उलट दिशेने, सज्ञान व धडधाकट मुलाला आईबापांकडून निर्वाह मागण्याचा हक्क पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये नव्हता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या संहितेच्या कलम १४४ मध्येही नाही. मुलींची स्थिती थोडी बरी आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार स्वतःचा निर्वाह करू न शकणारी अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही तो मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या खटल्यात ते स्पष्ट केले. आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हा केवळ सुनांसाठी नाही. माहेरच्या घरातली मुलगीही त्याखाली दाद मागू शकते, पैसा अडवणे किंवा काढून घेणे हा त्यात आर्थिक छळ मानला आहे, आणि घरात राहण्याचा तिचा हक्कही त्यात आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील ‘सज्ञान पुरुष’ ही मर्यादा काढून टाकल्यामुळे छळणारी व्यक्ती आई असली तरी तक्रार करता येते. अकरावी-बारावीतले मूल अठराच्या आतले असेल तर बाल न्याय अधिनियम २०१५, जिल्ह्याची बालकल्याण समिती आणि १०९८ हा क्रमांक त्याच्यासाठी आहे. राहता राहिला तो एकोणीस वर्षांचा मुलगा. मारहाण झाली तर पोलिसांत जा, एवढेच कायदा त्याला सांगतो. तेथून परत कुठे जायचे हे सांगत नाही.

जगात हा प्रश्न सुटला आहे असे आम्ही म्हणत नाही, पण त्याला नाव तरी आहे. इंग्लंडमध्ये आईबापांशी संबंध तुटलेला विद्यार्थी असा स्वतंत्र वर्ग शैक्षणिक कर्जासाठी मानतात, आणि परिस्थितीची साक्ष म्हणून शिक्षकासारख्या परिचित व्यक्तीचे पत्र चालते. अमेरिकेत घरी छळ असल्यास महाविद्यालयाचा अर्थसाहाय्य अधिकारी विद्यार्थ्याला आईबापांच्या उत्पन्नातून मोकळे करू शकतो. जर्मनीत तर आईबाप द्यायचे ते देत नसतील तर राज्य विद्यार्थ्याला आगाऊ रक्कम देते आणि पुढे आईबापांकडे मागणी लावते. यांतली कोणतीही व्यवस्था घर मोडावे म्हणून केलेली नाही. मोडलेल्या घराचा दंड मुलाने भरू नये, इतकेच तीत पाहिले आहे.

यावर आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप: मुले खोटे सांगून पैसे उकळतील. उकळतील काही. उत्पन्नाचे खोटे दाखले काढणारे सधन बापही आहेत. त्यांच्यामुळे आपण शिष्यवृत्त्या बंद केल्या नाहीत. दुसरा आक्षेप: याने कुटुंबसंस्था खिळखिळी होईल. आमचा अनुभव व वाचन उलट सांगते. ज्या मुलाला जाता येत नाही त्याचे राहणे हे प्रेमाचे की नाइलाजाचे, हे आईबापांनाही कळत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मारणारा बाप स्वतःच कर्जाने, दारूने, नापिकीने पिचलेला असतो, त्याला खलनायक ठरवून काय साधणार? हा आक्षेप खरा आहे. पिचलेल्या माणसाविषयी करुणा बाळगावी. पण त्याची करुणा म्हणून त्याच्या हाती एकोणीस वर्षांची मुलगी ठेवणे हा न्याय नव्हे. करुणा समाजाने करावी, किंमत तिने मोजावी, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

मग करता काय येईल? मोठ्या सुधारणांची वाट न पाहता जामनेरसारख्या गावातले महाविद्यालयही काही गोष्टी करू शकते. सज्ञान विद्यार्थ्याच्या प्रत्येक अर्जावर ‘पालकाची स्वाक्षरी’ मागण्याची सवय सोडता येईल. गैरहजेरीचे पत्र थेट घरी धाडण्यापूर्वी विद्यार्थ्याला एकदा विचारता येईल. ‘कमवा व शिका’ची रक्कम वर्षाअखेर एकदम न देता दरमहा देता येईल, उपाशी माणसाला मार्चमध्ये मिळणारे पैसे डिसेंबरात उपयोगी पडत नाहीत. आणि वसतिगृह दिवाळीत व उन्हाळ्यात बंद करताना ज्याला घरी जाता येत नाही अशांसाठी दोन खोल्या उघड्या ठेवता येतील. सुट्टी हा शब्द सर्वांच्या कानाला गोड लागतो असे नाही. शासनाने करायची गोष्ट एकच सांगतो: अनाथांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना, आणि त्यासाठी प्राचार्य किंवा संरक्षण अधिकारी यांचा दाखला उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी ग्राह्य.

आणि हे वाचणारा कोणी स्वतःच त्या घरात असेल, तर त्याच्यासाठी चार शब्द. जिवाला किंवा अब्रूला धोका असेल तर काहीही गोळा करीत बसू नये, निघावे; ११२ आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. तसे नसेल तर क्रम महत्त्वाचा. आधी कागद: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या ठिकाणी ठेवाव्यात, हरवलेली वा अडकवलेली दहावी-बारावीची गुणपत्रिका आपल्या भागासाठी मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयाकडून पुन्हा मिळू शकते, आणि डिजिलॉकरवर बरेच काही मिळते. मग स्वतःच्या नावाचा मोबाइल क्रमांक, तो आधारला जोडणे, आणि ज्या बँकेत घरातल्या कोणाचे खाते नाही तेथे नवे खाते. मग काम, लहान असले तरी चालेल, पण अभ्यास बुडवणारे नको. कारण पदवी अर्धवट राहिली तर पुन्हा तेच घर समोर येते. मग एक माणूस: शिक्षक, मावशी, मैत्रिणीची आई, ज्याला सारे माहीत असेल. घर सोडत असल्याची घोषणा सर्वांत शेवटी करावी, किंवा करूच नये. चित्रपटात माणसे आधी घोषणा करतात आणि मग पिशवी भरतात.

यातून मिळणारे स्वातंत्र्य फारसे देखणे नसते, हेही सांगायला हवे. भाड्याची सामायिक खोली, दोन वेळची खिचडी, मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांची काळजी, आणि आईचा फोन आला की पोटात पडणारा खड्डा. असा मुलगा पुढे चांगला कमावू लागला की त्याच्याकडे आईबापांच्या औषधपाण्याचा प्रश्न येतो, आणि पुष्कळदा तो पैसे पाठवतोही. गाव मग म्हणते, ‘शेवटी रक्ताचे नाते!’ रक्त आहेच. पण ज्याला हे पैसे न पाठवण्याची मुभा होती त्याने ते पाठवले, तर त्याला काही अर्थ आहे. पुंडलिकाच्या कथेतही सेवेला मोल आले ते त्याने ती आपणहून पत्करली म्हणून. त्याला कोणी कोंडून ठेवले नव्हते.